ईदची तयारी : आधी वही, मग बाजार

रमजानचा शेवटचा अशरा लागला की सोलापुरात विजापूर वेशीच्या मीना बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. अत्तर, टोप्या, बांगड्या, चप्पल, शेवया, खारीक, काजू-बदाम यांची दुकाने तरावीहनंतर भरतात आणि सहेरीच्या सुमारास रिकामी होतात. आम्ही व्यापारी-कारागीर मंडळी या गर्दीची वर्षभर वाट पाहतो. त्यात गैर काही नाही. हलाल मार्गाने कमावणे हीसुद्धा इबादतच आहे. पण याच गर्दीत आमच्या घरची ईद मागे पडते, ही गोष्ट आम्ही आमच्याशीच कबूल केली पाहिजे. टेलर इतरांचे कपडे वेळेवर देतो आणि त्याच्या स्वतःच्या मुलाचा सदरा चाँदरातीला मशीनवर असतो. दुकानदार पहाटे तीनला घरी येतो आणि ईदच्या नमाजला धावतपळत, अर्ध्या झोपेत उभा राहतो. कारखानदाराच्या घरी शिरखुर्मा शिजतो आणि त्याच्याकडे महिनाभर राबलेल्या कामगाराच्या घरी मजुरीची वाट पाहणे चालू असते.

ईदची तयारी म्हटले की कपडे, शेवया आणि घराची रंगरंगोटी एवढेच डोळ्यांपुढे येते. व्यापारी कुटुंबाची तयारी मात्र वहीपासून सुरू होते. मजुरी, जकात, दिलेला शब्द व उधारी आणि फित्रा ही चार देणी ईदच्या नमाजआधी मिटली पाहिजेत. ती मिटवून जो ईदगाहात जातो त्याची ईद खऱ्या अर्थाने ईद होते. या चार देण्यांचा आणि त्यांच्या वेळापत्रकाचा विचार आपण या लेखात करू.

पहिले देणे : मजुरी

आमचे सोलापूर हे कामगारांचे गाव आहे. चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग, शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांच्या कष्टावर हे शहर उभे आहे. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी येथे मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांतील कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत. अशा गावात तरी कामगाराच्या घामाची किंमत कोणाला वेगळी सांगण्याची गरज पडू नये.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण इब्ने माजाच्या संग्रहात आली आहे. बुखारीच्या संग्रहातील हदीस तर अंगावर काटा आणणारी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह तीन माणसांच्या विरोधात स्वतः फिर्यादी असेल आणि त्यांपैकी एक, मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याची मजुरी न देणारा. आम्ही रोजे ठेवतो, तरावीह पढतो, इफ्तारचे ताट मशिदीत पाठवतो, आणि कामगाराला मात्र सांगतो, “ईद झाल्यावर बघू, पार्टीकडून पैसे आले नाहीत.” पार्टीकडून पैसे येणे न येणे हा आमच्या धंद्याचा भाग आहे. नफा झाला तर तो आम्ही कामगाराला वाटून देत नाही. मग अडचण तेवढी त्याच्याबरोबर का वाटायची?

आणखी एक गोष्ट आमच्या कारखान्यांतून चालते. कामगाराची झालेली मजुरी अडवून ठेवायची आणि त्याने ईदसाठी पैसे मागितले की तीच रक्कम ‘उचल’ म्हणून द्यायची. वहीत त्याच्या नावावर उचल चढते आणि तो बांधला जातो. हे उघड अन्यायाचे आहे. झालेली मजुरी हा त्याचा हक्क आहे आणि उचल हे त्याच्यावरचे कर्ज आहे. दोन्ही रकमा वहीत वेगळ्या पानावर लिहाव्यात व त्याला वाचून दाखवाव्यात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनच्या सूरह बकरामध्ये (२:२८२) आहे आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असेही तेथेच सांगितले आहे.

मजुरी चुकती करण्याची मुदत पंचविसावा रोजा धरावी. चाँदरातीला हातात पडलेल्या पैशाने कामगाराला काहीच सुचत नाही. भाव चढलेले असतात आणि चांगला माल संपलेला असतो. चार दिवस आधी पैसे मिळाले तर त्याच्या घरची बाई विचार करून खरेदी करते. आणि हा नियम केवळ मुस्लिम कामगारापुरता नाही. आमच्या मागावर बसणाऱ्या पद्मशाली, लिंगायत, मराठा बांधवालाही त्या दिवशी त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. मजुरी धर्म पाहून द्यायची नसते.

दुसरे देणे : जकात

बहुतेक व्यापारी रमजानमध्ये जकात काढतात. पण कित्येक जण हिशेब न करता काढतात. शंभर-दोनशेच्या नोटा सुट्या करून आणायच्या, दारात येईल त्याला द्यायच्या आणि जकात निघाली असे समजायचे. हे दान झाले. जकात हिशेबाने निघते.

हिशेबाची पद्धत अवघड नाही. विक्रीसाठी ठेवलेल्या मालाची आजच्या बाजारभावाने किंमत करावी. खरेदीचा भाव धरू नये. तयार चादरी, टॉवेल, शिवलेले गणवेश, सूत, कापडाचे ताके, दुकानातला किराणा हे सर्व त्यात येते. माग, शिलाई मशीन, काउंटर, कपाट, डिलिव्हरीची गाडी ही कमाईची साधने आहेत. त्यांच्यावर जकात नाही. मालाच्या किमतीत हातातली व बँकेतली रोकड आणि वसूल होण्याची खात्री असलेली येणी मिळवावीत. मग द्यावयाची देणी वजा करावीत. उरलेली रक्कम निसाबाएवढी किंवा जास्त असेल आणि निसाबाची मालकी येऊन चांद्र वर्ष झाले असेल, तर अडीच टक्के जकात. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम आणि सोन्याचा साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम आहे.

समजा, एका छोट्या टॉवेल कारखानदाराकडे ३,२०,००० रुपयांचा तयार माल आणि १,१०,००० रुपयांचे सूत आहे. येणे १,८०,००० आहे. पण त्यातले ४०,००० बुडाल्यासारखेच आहेत, म्हणून १,४०,००० धरले. रोकड व बँक मिळून ९०,०००. एकूण झाले ६,६०,०००. सूतवाल्याचे देणे १,७०,०००, मजुरी ३०,००० आणि वीजबिल २०,००० असे २,२०,००० वजा केले. उरले ४,४०,०००. जकात ११,००० रुपये. बुडीत धरलेले ४०,००० पुढे कधी वसूल झाले, तर त्यांचे काय करायचे ते आलिमांना विचारून घ्यावे. पत्नीचे दागिने ही तिची मालमत्ता आहे. त्यांचा हिशेब तिच्या नावाने वेगळा करावा.

येथे एक चूक सांभाळायची आहे. आमची वही ३१ मार्चला बंद होते आणि जकातीचे वर्ष चंद्राप्रमाणे ३५४ दिवसांचे असते. जो दरवर्षी मार्चअखेरच्या ताळेबंदावरच अडीच टक्के काढतो, त्याची सुमारे ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात राहून जाते. म्हणून रमजानची एक तारीख ठरवून त्या दिवशी माल मोजावा. मार्चअखेरच धरणे भाग असेल तर दर २.५७७ टक्के धरावा, असे अनेक आलिम सांगतात. २०२५ साली भारतात ईदुल फित्र नेमकी ३१ मार्चला आली आणि दोन्ही हिशेब एकत्र आले. पण दरवर्षी तसे होत नाही. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्याकडचा कामगार गरजू असेल तर त्याला जकात देता येते. पण ती त्याच्या मजुरीत वळती करता येत नाही, बोनस म्हणून दाखवता येत नाही आणि ‘तुला ईदला एवढे दिले’ असे म्हणून पुढच्या कामाची अपेक्षाही ठेवता येत नाही. मजुरी हे आमचे देणे आहे आणि जकात हे अल्लाहने ठरवून दिलेले गरिबाचे देणे आहे. एका नोटेने दोन देणी फिटत नाहीत.

तिसरे देणे : दिलेला शब्द आणि उधारी

टेलर बांधवांना हे खास सांगायचे आहे. दहाव्या-पंधराव्या रोजानंतर चांगल्या टेलरच्या दुकानात ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते. ही पाटी म्हणजे इमानदारीची खूण आहे. मशीन किती, कारागीर किती, रोजा सोडून आणि तरावीह पढून दिवसाला किती नग निघतात, याचा आकडा आम्हाला ठाऊक असतो. तरीही गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल या भीतीने आम्ही कापड ठेवून घेतो. मग चाँदरातीला दुकानासमोर बाप मुलाचा हात धरून उभा आणि आतून आवाज, “बस, काज-बटण राहिले आहे.” त्या मुलाची ईद आमच्यामुळे खराब झाली, तर तिची भरपाई कुठल्या सवलतीने होणार? दिवसाच्या नगांना उरलेल्या दिवसांनी गुणावे, त्यातून दोन दिवस आजारपण व वीज जाण्यासाठी सोडावेत आणि तेवढ्याच ऑर्डरी घ्याव्यात. त्या यादीत पहिले नाव आपल्या घरच्या मुलांचे लिहावे.

गणवेशाच्या धंद्यातल्यांची अडचण वेगळी आहे. शाळा जूनला उघडतात, म्हणून उन्हाळ्याआधीपासूनच कामाचा जोर असतो आणि सध्या रमजानही त्याच सुमारास येतो. बाहेरगावच्या पार्टीला ऑर्डर घेतानाच ईदच्या आसपासचे चार दिवस सोडून तारीख सांगितली, तर कोणी नाराज होत नाही. नाराजी होते ती तारीख देऊन न पाळल्याने.

दुकानदारांसाठी माप आणि भाव यांचा प्रश्न आहे. माप घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्या विनाशाची खबर सूरह मुतफ्फिफीनच्या सुरुवातीलाच (८३:१-३) दिलेली आहे. गर्दीत गिऱ्हाईकाचे लक्ष नसते, म्हणून मीटरला दोन बोटे कापड कमी कापणे किंवा जुन्या खारकेवर नवी खारीक पसरून विकणे, हा त्याच आयतीतला गुन्हा आहे. रोजा ठेवून हे करणे त्याहून वाईट.

उधारीच्या दोन बाजू आहेत. आम्हाला कोणाचे देणे असेल आणि पैसे हातात असतील, तर नवे कपडे घेण्याआधी ते देणे द्यावे. सगळे जमत नसेल तर थोडे द्यावे, समक्ष भेटावे आणि नवी तारीख सांगावी. आणि ज्याच्याकडून आम्हाला येणे आहे तो खरोखर अडचणीत असेल, तर त्याला सवलत देण्याचा हुकूम कुरआनने (२:२८०) दिला आहे. येणे सोडून दिले तर ते अधिक चांगले, असेही तेथे म्हटले आहे. ईदच्या तोंडावर चारचौघांत तगादा लावून कोणाला खाली मान घालायला लावू नये.

याच ठिकाणी घरातल्या खर्चाचाही विचार करावा. ईदसाठी व्याजाने पैसे काढण्याचे प्रमाण आमच्या वस्त्यांतून वाढते आहे. आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज घेऊन मुलांना कपडे आणि पाहुण्यांना दावत करायची आणि मग सहा महिने विडीच्या मजुरीतून हप्ते भरायचे. व्याज हराम आहेच. पण नुसत्या हिशेबाने पाहिले तरी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पैगंबरांनी (स.) ईदला नवे कपडेच घाला असे सांगितलेले नाही, आपल्याकडे असलेले चांगले कपडे घालावेत एवढेच आहे. धुऊन इस्त्री केलेल्या जुन्या सदऱ्यातली नमाज तेवढीच कबूल होते. जमेल त्याने शाबानपासून दर आठवड्याला थोडी रक्कम बाजूला टाकावी. घरात बसून एका कागदावर खर्च लिहावा. बायको-मुलांना त्यात सामील करावे. आकडा समोर असला की मुलेही समजून घेतात.

चौथे देणे : फित्रा

सदकतुल फित्र हे रोजातल्या उणिवांची सफाई आणि गरिबाच्या घरी त्या दिवशी चूल पेटावी यासाठी आहे. लोक नमाजला निघण्यापूर्वी तो पोहोचावा, असा पैगंबरांचा (स.) आदेश आहे. नमाजनंतर दिला तर तो साधा सदका होतो, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनात आले आहे. आजारपणामुळे ज्याला रोजे ठेवता आले नाहीत, त्यालाही फित्रा माफ नाही. घरातल्या लहान मुलांचा फित्रा बापाने द्यायचा. हनफी मताप्रमाणे ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या बाळाचाही.

हनफी हिशेबाने गहू अर्धा साअ म्हणजे सुमारे १ किलो ६३३ ग्रॅम. खजूर, जव किंवा मनुका पूर्ण साअ म्हणजे सुमारे ३ किलो २६६ ग्रॅम. सहा माणसांच्या घराला गव्हाने धरले तर ९ किलो ८०० ग्रॅम गहू किंवा त्याची किंमत होते. मशिदीतून जाहीर होणारी रक्कम बहुधा गव्हाची, म्हणजे किमान असते. ज्याला अल्लाहने बरकत दिली आहे त्याने खजूर किंवा मनुक्याच्या भावाने द्यावा. आमच्या भागातले रोजचे धान्य ज्वारी. ती द्यायची असेल तर हनफी आलिमांच्या मते गहू, जव, खजूर यांच्या किमतीएवढी द्यावी, नुसते वजन धरू नये.

फित्रा देण्यासाठी ईदच्या सकाळची वाट पाहू नये. ईदगाहाच्या वाटेवर हात पसरणाऱ्याला तो मिळतो. पण हात न पसरणारी शेजारची विधवा, काम सुटलेला कारागीर तसाच राहतो. सत्तावीसाव्या रोजापर्यंत तो त्यांच्या घरी पोहोचला, तर त्यातून शेवया आणि दूध येते. मुलांच्या हाती पाठवावा. त्यांनाही सवय लागते.

चाँदरात आणि ईदची सकाळ

चाँदरातीचे दुकान कधी बंद करायचे, हे आधी ठरवावे. जुमाच्या अजानला खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज झाली की जमिनीवर पसरून अल्लाहचा फजल शोधा, असे कुरआन (६२:९-१०) सांगते. धंद्याला मनाई नाही. त्याला वेळेची मर्यादा आहे. आमची सूचना अशी की दुकानात दोन माणसे असतील तर रात्र वाटून घ्यावी आणि एकटा असेल त्याने मध्यरात्रीपर्यंत शटर ओढावे. पुढच्या दोन तासांतला गल्ला आणि फजरची नमाज यांची तुलना ज्याची त्याने करावी. नोकरीला ठेवलेल्या पोरालाही त्याच वेळी सोडावे. त्याचीही आई वाट पाहत असते.

घरातली कामे रात्रीच वाटून द्यावीत. कपड्यांना इस्त्री, खारीक भिजत घालणे, चारोळी-बदाम सोलणे, पाणी भरून ठेवणे ही सगळी कामे एकट्या आईवर टाकून बाकीच्यांनी बाजारात फिरू नये. सकाळी गुस्ल, मिस्वाक, अत्तर, आणि घरातून निघण्यापूर्वी विषम संख्येत खजूर खाणे ही सुन्नत आहे. होटगी रस्त्यावरील आलमगीर ईदगाह असो, जुनी मिलच्या आवारातील आदिलशाही ईदगाह असो की आपल्या मोहल्ल्याची मशीद, जमातची वेळ आदल्या रात्री पक्की करावी आणि अर्धा तास आधी पोहोचावे. जमेल तिथे पायी जावे, वाटेत हळू आवाजात तकबीर म्हणावी, रस्ता अडेल अशी गाडी लावू नये. सोलापूरच्या उन्हात लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर पाण्याची बाटली घ्यावी. ईदच्या नमाजला अजान नाही, इकामत नाही. जादा तकबीरींची पद्धत मुलांना घरीच समजावून सांगावी, म्हणजे ती सफमध्ये गोंधळत नाहीत. खुत्बा संपेपर्यंत बसावे आणि परत येताना दुसऱ्या रस्त्याने यावे, हीही सुन्नत आहे.

त्या दुसऱ्या रस्त्यावर आपल्या कामगाराचे घर असेल तर पाच मिनिटे तेथे थांबावे. मालकाने कामगाराच्या दारात जाऊन गळाभेट घेतली, तर ती त्याला वर्षभर आठवते. पण त्या दारात ताठ मानेने उभे राहायचे असेल, तर त्याची मजुरी आधी पोहोचलेली असली पाहिजे.

म्हणून या वर्षी रमजानचा चंद्र दिसला की वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहाव्यात. दहाव्या रोजापर्यंत मालाची मोजणी आणि जकातीचा हिशेब. पंधराव्याला ‘ऑर्डर बंद’. पंचविसाव्याला सर्वांची मजुरी चुकती. सत्तावीसाव्यापर्यंत फित्रा. प्रत्येक काम झाले की त्या ओळीपुढे खूण करावी. चारही खुणा झाल्या की मग निवांतपणे मुलांना घेऊन मीना बाजारात जावे. अल्लाह आमचे रोजे, आमची नमाज आणि आमचा व्यापार कबूल करो. आमीन.